जहाज बंदराला लागेपर्यंत

सबनीससाहेब क्रूझवरून उतरून महिना होत आला होता, पण क्रूझ काही साहेबांवरून उतरायला तयार नव्हती.

घोडबंदर रोडवरच्या 'खाडीदर्शन' टॉवरमध्ये त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये सापडलेला माणूस तळमजला येईपर्यंत निदान एका डेकची माहिती घेऊनच बाहेर पडायचा. साहेब बँकेतून निवृत्त, सोसायटीचे चेअरमन, आणि मुंबईहून निघून लक्षद्वीपला वळसा घालून परत आलेले. एवढ्या तीन गोष्टी एका माणसात जमल्यावर त्याला थांबवणार कोण?

"शिस्त!" साहेब म्हणायचे. "केबिनमध्ये सिगरेट नाही. कॉरिडॉरमध्ये नाही. केबिनच्या बाल्कनीत तर मुळीच नाही. एका डेकवर एक कोपरा दिलाय, ओढायची तर तिथे जाऊन. थोटूक समुद्रात टाकायचं नाही. मी रोज तेवढ्यासाठी वर जायचो, मुकाट्याने कोपऱ्यात उभा राहायचो. एकदाही नियम मोडला नाही. आपल्या लोकांना जमेल हे?"

हे सगळं ते स्वतःच्या बाल्कनीत सिगरेट ओढत, समोरच्या बाल्कनीतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, आणि आपल्या लोकांबद्दल हळहळताना सिगरेट कठड्याबाहेर झटकायचे.

खालच्या मजल्यावर तांडेलांची बाल्कनी होती. राख कुणाला न विचारता तिथे उतरायची.

तांडेल म्हणजे खरं तर होडीवरचा मुख्य. त्याच्या शब्दावर जाळं पाण्यात पडतं आणि त्याच्याच शब्दावर वर येतं. शेवंतीबाईंच्या सासऱ्यांपर्यंत घरात होडी होती. मग खाडीतली मासळी गेली, होडी गेली, आडनाव तेवढं राहिलं. शेवंतीबाईंचे यजमान पोपटराव खोपटच्या एस्टी डेपोत कंट्रोलर होते. 'धूम्रपान करू नये' या पाटीखाली उभं राहून बिडी पेटवणारी माणसं बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे पाटी या गोष्टीवरचा त्यांचा विश्वास उडालेला होता.

त्यांच्या कळव्याच्या जुन्या घराला एक खिडकी होती आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीत उघडायची. मुलाने, प्रीतमने, कर्ज काढून घोडबंदरला हा फ्लॅट घेतला तेव्हा शेवंतीबाईंनी हॉल पाहिला नाही, किचन पाहिलं नाही, सरळ बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. समोर तिवरं, त्यापलीकडे खाडी.

"ओहोटीला नुसता चिखल दिसतो, आई," प्रीतम म्हणाला होता.

"तुला चिखल दिसतो. मला तुझा आजा दिसतो."

मग बाल्कनीत वेताची खुर्ची आली, तुळस आली, आणि सकाळचा चहा तिथेच व्हायला लागला. सून आली तेव्हा दुसरी खुर्ची आली. ऐश्वर्या डोंबिवलीची. तिला आई नव्हती. ती लहान असतानाच गेलेली. त्यामुळे या घरात शेवंतीबाई तिच्या सासूही होत्या आणि, न ठरवता, दुसरंही काहीतरी झाल्या होत्या. तिला दिवस गेले तेव्हा त्यांनी सरळ जाहीर केलं, "बाळंतपण इथेच. माझ्या हातचं." ऐश्वर्याचे वडील शिवराम हो म्हणाले. एकट्या माणसाने डोंबिवलीत बाळंतीण कशी सांभाळायची?

आणि तिथून पुढे वास सुरू झाला.

कुकरची वाफ, मिरचीची फोडणी, प्रीतमचा डिओ, सगळं ऐश्वर्याने सोसलं. सिगरेट मात्र तिला सोसेना. वर लायटरचा 'खट्ट' आवाज झाला की इकडे ती बेसिनकडे धावायची. आधी बाल्कनीचं दार बंद झालं, मग त्याच्यावर पडदा आला, मग दाराच्या फटीत ओला टॉवेल आला. दोन्ही खुर्च्या बाहेर राख खात बसल्या. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली 'मोकळ्या हवेत बसणे' असं लिहून दिलं, पण ती कुठल्या मेडिकलमध्ये मिळते ते लिहिलं नाही.

पोपटराव वर बोलायला गेले. गेले ते बऱ्याच वेळाने आले.

"काय म्हणाले?"

"कॉफी चांगली होती."

"अहो, सिगरेटचं काय म्हणाले?"

"म्हणाले, सोसायटीचा नियम कॉमन एरियाला लागतो, बाल्कनी खाजगी मालमत्ता आहे. आणि धूर वर जातो, खाली येत नाही. शास्त्र आहे म्हणे."

"आणि राख?"

"राख वाऱ्याची. वारा सोसायटीच्या ताब्यात नाही." पोपटराव खुर्चीत बसले. "जहाजाचे फोटो मात्र सगळे पाहिले मी. बुफे मोठा होता."

प्रीतमला सांगून उपयोग नव्हता. "आई, पार्किंगची नवी वाटणी येतेय. चेअरमनशी आत्ता पंगा नको ना, यार." आईला यार म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं, पण पार्किंगच्या चिंतेत त्याने ते दुरुस्त केलं नाही.

शेवटी डोंबिवलीहून फोन आला.

"विहीणबाई, पोरगी फोनवर खोकत होती," शिवराम म्हणाले. "मी काही बोलत नाही. पण डोहाळजेवण झालं की तिला घेऊन जातो मी. बाळंतपण इकडेच करू. बाई ठेवीन कामाला. निदान दार उघडं ठेवून झोपेल."

शेवंतीबाईंनी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. डिंक आणून झाला होता, अळीव निवडून झाले होते, जुन्या लुगड्यांची दुपटी धुऊन, उन्हात घालून, घडी करून ठेवली होती. आणि पोरगी हवा बदलायला घोडबंदरहून डोंबिवलीला निघाली होती. डोंबिवलीला! कळव्यात हे कळलं असतं तर लोकांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नसता.

"तुला जायचंय का गो, बाय?" त्यांनी विचारलं.

ऐश्वर्या पडद्याकडे बघत होती. "नाही आई. पण इथे जीव कोंडतो हो. रात्री वाटतं, बाळालाही कोंडत असेल."

शेवंतीबाई पिशवी घेऊन भाजी आणायला निघाल्या. भाजी घरात होती.

लिफ्टमध्ये सबनीससाहेब होते. आज जहाजावरच्या टॉवेलचा पाठ होता. डेकवरच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवायच्या नाहीत, बुफेला प्लेटचा डोंगर करायचा नाही, लिफ्टमधून आधी आतल्यांना बाहेर येऊ द्यायचं. शेवंतीबाई ऐकत होत्या. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं,

"साहेब, जहाजावर तुमच्या खोलीला बाल्कनी होती ना?"

"होती म्हणजे! समोर अख्खा समुद्र!"

"मग तिथेच का नाही ओढलीत? खोलीचं भाडं तुम्ही भरलेलं. खाजगीच की ती."

"वहिनी, तसं नसतं ते!" साहेबांना अडाणी प्रश्नाचा आनंद झाला. "वरच्या बाल्कनीत कुणी ओढली की राख खालच्या बाल्कनीत पडते. ठिणगी पडते. खाली कुणाचे कपडे वाळत असतात, कुणाचं मूल झोपलेलं असतं. वारा सगळं खाली आणून टाकतो. जहाजावर माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहतात, वहिनी. तिथे माझी बाल्कनी, माझी बाल्कनी करून चालत नाही."

लिफ्ट एकेका मजल्यावरून खाली येत होती. शेवंतीबाईंनी बदलत्या आकड्यांकडे पाहिलं, मग साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा स्वच्छ होता. त्याच्यावर काहीही पडलेलं नव्हतं.

"शिकण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या.

"आपल्या लोकांना सांगून कळत नाही."

"कुणीतरी नीट सांगायला पाहिजे, साहेब."

तळमजला आला. शेवंतीबाईंनी आधी साहेबांना बाहेर जाऊ दिलं, मग बाहेरच्यांना आत येऊ दिलं आणि त्यांच्याबरोबर त्याही परत वर गेल्या. भाजीचं त्या विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या हळदीकुंकवाची कुयरी घेऊन सबनीसांच्या दारात उभ्या. कांतावहिनींनी दार उघडलं. कांतावहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्या क्रूझवर होत्या हे लोकांना फोटोंवरून कळायचं, कारण साहेबांच्या गोष्टीत त्या कधी आल्याच नव्हत्या.

"साहेब, ऐश्वर्याचं डोहाळजेवण आहे रविवारी, आपल्या क्लब हाउसमध्ये," शेवंतीबाई म्हणाल्या. "आमच्यात पूर्वी पोरीला फुलांनी सजवलेल्या होडीत बसवायचे. आता होडी कुठली? म्हटलं, काळाप्रमाणे चालावं. यंदा क्रूझ करायची."

साहेबांनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे देखावा जहाजाचा. पण नुसत्या पुठ्ठ्याने जहाज होतं का? नियम पाहिजेत, शिस्त पाहिजे. कॅप्टन पाहिजे. आता या टॉवरमध्ये तुमच्याशिवाय जहाज आतून कुणी पाहिलंय?"

"कॅप्टन? मी?" साहेब उभे राहिले. हे वाक्य ते बसून म्हणू शकले नसते. "पण एक सांगतो वहिनी, मी करणार तर सगळं नियमानुसार. थट्टामस्करी चालणार नाही. जहाजावर कॅप्टनचा शब्द म्हणजे शेवटचा. बायका ऐकणार असतील तर मी येतो."

"आमची तेवढीच इच्छा आहे, साहेब. तुमचा शब्द शेवटचा."

कांतावहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. शेवंतीबाईंकडे पाहिलं. मग वर, छताकडे, मग खाली, जमिनीकडे, म्हणजे जिथे खाली तांडेलांचं घर होतं तिकडे पाहिलं.

"टोपी मी काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "जहाजावरच्या दुकानातून घेतलीय. पांढरी. रोज आंघोळ झाली की आरशापुढे घालून उभे असतात."

"कांता!"

"साखर किती, वहिनी?" कांतावहिनी शेवंतीबाईंना म्हणाल्या, आणि कप देताना त्यांनी शेवंतीबाईंचा हात जरा जास्तच दाबला.

तो आठवडा टॉवरच्या लक्षात राहील. साहेबांनी क्लब हाउसमध्ये बायकांची तालीम घेतली. कुणीही खुर्चीवर रुमाल टाकून जागा अडवायची नाही. जेवणाच्या रांगेत ढकलाढकल नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाका मारायच्या नाहीत. कळव्याहून शेवंतीबाईंची गोदामावशी आली होती, तिने मध्येच हात वर केला.

"साहेब, तुमच्या जहाजावर मशेरी चालते का?"

साहेब अडखळले. हा प्रश्न लक्षद्वीपच्या वाटेवर कुणी काढला नव्हता. "धूर येत नसेल तर... चालत असावी."

"लावताना येत नाय. तव्यावर भाजताना येतो."

"मग डेकवर जाऊन भाजायची!" साहेबांनी निकाल दिला. "धूर होणारी कुठलीही गोष्ट फक्त डेकवर. खोलीत नाही, बाल्कनीत नाही. कॅप्टनची आज्ञा!"

"बरा आहे तुमचा कायदा," गोदामावशी म्हणाली. "आमची सून बोलते तेच हा बाबा इंग्रजीत बोलतो." साहेब मराठीतच बोलत होते, पण मावशीला टोपीमुळे तसं वाटलं असावं.

डेकोरेशनवाल्याने पुठ्ठ्याचं आणि निळ्या कापडाचं जहाज उभं केलं. पोपटरावांनी त्याच्यावर पाण्याच्या जुन्या पिंपाचं धुराडं बसवलं आणि आत लोबान पेटवायची तयारी केली, म्हणजे खरा धूर निघेल. साहेब धावत आले.

"तांडेल! धूर? गरोदर बाई समोर बसणार आहे, आणि तुम्ही धूर करताय? काही कळतं का?"

पोपटरावांनी लोबान खाली ठेवला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको गजऱ्याची गाठ मारत होती आणि तिचे खांदे हलत होते.

रविवारी क्लब हाउस भरलं. जहाजाच्या पुढच्या टोकाला ऐश्वर्या हिरव्या साडीत, डोक्यापासून मनगटापर्यंत जाईजुईच्या दागिन्यांत बसली होती. तिच्या मागे कॅप्टन सबनीस, पांढरी पँट, पांढरा शर्ट, खांद्यावर कांतावहिनींनी शिवून दिलेल्या सोनेरी पट्ट्या. दाराशी शिवराम उभे होते. बाहेर त्यांनी पुतण्याची गाडी आणलेली, डिकी उघडी ठेवलेली. ऐश्वर्याची बॅग भरून लिफ्टपाशी ठेवलेली होती. ती बॅग शेवंतीबाईंना जाता-येता दिसत होती आणि त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

कॅप्टनने माइक हातात घेतला.

"प्रवासी बंधुभगिनींनो! हे जहाज आता बंदर सोडत आहे. नियम नीट ऐका." आणि त्यांनी सगळे नियम म्हटले, टॉवेलपासून लिफ्टपर्यंत. बाल्कनीच्या नियमाला तर त्यांचा आवाज चढला. "वरच्या बाल्कनीतली राख खालच्या बाल्कनीत पडते! खाली कुणाचं मूल झोपलेलं असतं! जो माणूस आपल्या खालच्याचा विचार करत नाही, तो जहाजावर राहायच्या लायकीचा नाही!"

टाळ्या पडल्या. काही बायकांनी टाळ्या वाजवताना एकमेकींकडे पाहिलं. कॅप्टनला त्या टाळ्या फार आवडल्या.

"आणि हे नियम किती वेळ?" गोदामावशीने विचारलं. "जेवणं होईपर्यंत?"

"छे! असं कसं?" कॅप्टन दुखावले. "जहाज बंदर सोडतं तिथपासून जहाज बंदराला लागेपर्यंत! मध्ये सूट नाही. कुणालाही नाही."

"कॅप्टनला पण नाय?"

"कॅप्टनला तर मुळीच नाही!"

मग ओटी भरली, गाणी झाली. वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवली होती, ऐश्वर्याने पेढा उघडला, गोदामावशीने "मुलगा!" म्हणून डिक्री दिली. कॅप्टन सलाम करायला ऐश्वर्याच्या जवळ आले तेव्हा तिने पटकन मान वळवून जुईच्या गजऱ्यात नाक खुपसलं. लाजली, असं कॅप्टनना वाटलं.

आता डोहाळे विचारायची वेळ झाली. ही वेळ गमतीची असते. बाई काहीतरी मागते, चिंच, कैरी, फार तर चांदण्यातलं जेवण, आणि जमलेल्या माणसांनी ते पुरवायचं. नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हटलं तर बाळाची लाळ गळते, असं बायका सांगतात, आणि लाळ गळण्याचं पाप डोक्यावर घ्यायला शहाणासुरता माणूस धजत नाही.

"बोल बाय," गोदामावशी म्हणाली. "कसले डोहाळे लागलेत? सगळा गोतावळा बसलाय. जे मागशील ते."

शेवंतीबाईंनी सकाळी तिला एवढंच सांगितलं होतं, "विचारतील तेव्हा खरं काय पाहिजे ते सांग. गोड गोड नको." काय सांगायचं ते सांगितलं नव्हतं.

ऐश्वर्याने पदर सारखा केला. "मला खायला काही नको, मावशी. मला माझ्या बाल्कनीत बसायचंय. सकाळी, चहा घेऊन. आईंच्या शेजारी. दार उघडं टाकून. बाळ येईपर्यंत... रोज."

पंख्याचा आवाज येऊ लागला. मघापासून तो येतच असणार.

"मग बस की!" गोदामावशी म्हणाली. कळव्याच्या माणसाला घोडबंदरचं राजकारण काय माहीत. "तुझीच बाल्कनी ना? कोण अडवतंय तुला?"

सगळ्या टॉवरची नजर हळूहळू वर गेली, पुठ्ठ्याच्या जहाजाच्या टोकापासून वरच्या डेकपर्यंत, आणि पांढऱ्या टोपीवर येऊन थांबली. शेवंतीबाई ओटीतले तांदूळ निवडत होत्या. ते निवडलेलेच होते.

तेव्हा मागच्या रांगेतून कांतावहिनी उठल्या.

"कॅप्टन," त्या म्हणाल्या, "तो बाल्कनीचा नियम परत एकदा सांगता का? मागे नीट ऐकू आला नाही."

कॅप्टनने तोंड उघडलं. माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. त्यांनी ऐश्वर्याकडे पाहिलं. तिचा एक हात पोटावर होता आणि दुसरा, गजऱ्यासकट, अजून नाकाशी. समोर लोबान नव्हता, उदबत्ती नव्हती, धूर कुठलाच नव्हता. जवळ फक्त ते होते, आणि त्यांचा पांढराशुभ्र शर्ट, जो घालून त्यांनी निघताना बाल्कनीत एक शेवटची ओढली होती.

मघाशी ती लाजली नव्हती.

साहेबांचा हात टोपीकडे गेला. काढणार की काय, असं पहिल्या रांगेला वाटलं. त्यांनी ती काढली नाही. सरळ केली.

"वरच्या बाल्कनीतली राख," ते म्हणाले, "खालच्या बाल्कनीत पडते. नियम सगळ्यांना लागू आहे. कॅप्टनला तर..." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "डोहाळा मंजूर. हे जहाज बंदराला लागेपर्यंत कुठल्याही बाल्कनीत सिगरेट पेटणार नाही. स्मोकिंग डेक जनरेटर रूमच्या मागे. कॅप्टन लिफ्टने खाली जाऊन ओढेल. आज्ञा संपली!"

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग दाराजवळ पोपटरावांनी पूजेची घंटा उचलली आणि दोनदा वाजवली. टण. टण. एस्टीत दोन घंटा म्हणजे गाडी सुटली. ते डेपोत राहिलेल्या माणसालाच कळणार होतं, पण टाळ्या वाजवायला कुणाला तेवढं कळायची गरज पडली नाही. बायका उठून उभ्या राहिल्या. प्रीतमने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली आणि त्या क्षणी पार्किंगचा विचार त्याच्या मनात नव्हता. गोदामावशीला काय झालं ते अजून कळलं नव्हतं, पण तिने शेवंतीबाईंच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शेवंतीबाईंना हसायचं होतं. डोळ्यांनी ऐकलं नाही.

ऐश्वर्याने गजऱ्यातून नाक बाहेर काढलं.

जेवणं झाल्यावर शिवराम लिफ्टपाशी बॅग घ्यायला गेले.

"व्याही," शेवंतीबाई मागून म्हणाल्या, "ती वर नेऊन ठेवा. आणि डिकी रिकामी नका नेऊ, करंज्यांचा डबा दिलाय. तेवढाच न्या डोंबिवलीला."

"विहीणबाई, मोकळ्या हवेचं—"

"वर या. बघा आणि मग बोला."

बाल्कनीचं दार उघडून, टॉवेल काढून, राख झाडून, शिवराम आणि ऐश्वर्या बसले. शेवंतीबाई आणि पोपटराव उभेच होते, खुर्च्या दोनच होत्या. खाडीला भरती होती. शिवरामांनी बराच वेळ श्वास आत घेतला, बाहेर सोडला, परत घेतला.

"हवा बरी आहे," ते म्हणाले. डोंबिवलीच्या माणसाकडून हवेबद्दल यापेक्षा मोठी दाद मिळत नाही. रिकामी डिकी बंद करून, करंज्या मांडीवर घेऊन ते पुतण्याच्या शेजारी बसून गेले.

साहेबांचे पहिले काही दिवस वाईट गेले. सवयीने हात लायटरकडे जायचा, पाय बाल्कनीकडे निघायचे, आणि आतून कांतावहिनींचा आवाज यायचा, "कॅप्टन!" एवढाच. मग साहेब चपला घालून खाली जायचे. पण जनरेटर रूमच्या मागे गेल्यावर त्यांना शोध लागला की आजवर जिन्यात, पार्किंगमध्ये, टेरेसवर लपूनछपून ओढणारा अर्धा टॉवर त्यांच्या आज्ञेने तिथेच जमा झाला आहे, आणि या सगळ्यांनी लक्षद्वीपची गोष्ट अजून ऐकलेली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिथे बाकडं आलं. तिसऱ्या आठवड्यात थोटकांसाठी वाळूची बादली आली. मग साहेबांनी सोसायटीच्या सभेत ठराव मांडला, जहाज बंदराला लागेपर्यंत बाल्कनीत धूम्रपान बंद, आणि तो एकमताने मंजूर झाला. विरोध करू शकला असता असा एकच माणूस होता, आणि ठराव त्यानेच मांडला होता. शेजारच्या टॉवरची माणसं बघायला आली तेव्हा साहेब बादलीकडे हात करून म्हणाले, "शिस्त! आता आपल्या लोकांनाही जमायला लागलंय."

गोदामावशीच्या पेढ्याने दगा दिला आणि मुलगी झाली. बाळंतीण घरी आली त्या संध्याकाळी साहेब बर्फीचा पुडा घेऊन आले. बाळाला लांबूनच पाहिलं. खाली येण्याआधी आंघोळ करून, शर्ट बदलून आले होते. मग जायला निघाले, दारात घुटमळले, आणि खाजगी आवाजात म्हणाले,

"वहिनी, म्हणजे आता... जहाज बंदराला लागलं म्हणायचं ना?"

"लागलं की, साहेब."

साहेबांचा हात नकळत खिशाकडे गेला.

"पण तुमची क्रूझ मुंबईहून सुटली ती शेवटी लागली कुठे?"

"मुंबईलाच. राउंड ट्रिप होती."

"मग आमचीही राउंड ट्रिपच." शेवंतीबाईंनी मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं केलं. "ही तर आत्ता कुठे निघालीय."

साहेबांचा हात खिशावरून परत आला. मग त्यांनी हाताची बोटं कपाळाला लावून बाळाला सलाम केला आणि लिफ्टचं तळमजल्याचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत तीन खुर्च्या होत्या. एकीत ऐश्वर्या चहा पीत होती, दुसरीत पोपटराव पेपर वाचत होते, तिसरीत शेवंतीबाई नातीला खाडी दाखवत होत्या. ओहोटी होती. वर कुठेतरी 'खट्ट' झालं. ऐश्वर्याने कप हातातच धरला.

"कॅप्टन!" कांतावहिनींचा आवाज.

वरून चपलांचा आवाज दाराकडे गेला, लिफ्ट आली, लिफ्ट गेली.

"तो बघ तुझा पणजोबा," शेवंतीबाई नातीला म्हणाल्या आणि चिखलाकडे बोट दाखवलं.